भाकिते छापता, मग हिशेब का छापत नाही?

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव दुष्काळी पट्ट्यातले. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची जी रया गेली ती पुढे कित्येक वर्षे परत आली नाही. माणसे पोट भरायला बाहेर पडली. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, पाणलोटाची कामे झाली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीच्या बोअरवेलला मज्जाव झाला, उसासारख्या पाणीपिऊ पिकांना लगाम बसला. हे सारे वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. आम्हाला या गावाची आठवण होते ती एका वेगळ्याच कारणासाठी. या गावात पर्जन्यमापक आहे. पावसाळा सरला की किती पाऊस पडला, जमिनीत किती मुरला, पिण्याला किती लागणार आणि पिकांना किती उरणार, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पाऊस कमी तर रब्बीची पिके त्या मानाने. हिशेब गावासमोर होतो आणि तो चुकला तर चुकला म्हणून गावालाच कळतो.

याच गावाच्या ग्रामसभेने आणखी एक गोष्ट ठरवली. लग्नाआधी मुलामुलीची एचआयव्हीची रक्ततपासणी झाली पाहिजे. लग्न जुळवताना कोणता कागद समोर हवा, याचे हे साधे उत्तर आहे. रक्ताचा अहवाल पाहा. तो खरा की खोटा हे दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन तपासता येते.

आता याच महाराष्ट्रातला दुसरा धंदा पाहा. दरवर्षी पंचांगे निघतात. रोजच्या वर्तमानपत्रात राशिभविष्य येते. दूरचित्रवाणीवर सकाळी सकाळी ज्योतिषी येऊन बसतो. निवडणूक आली की कोण जिंकणार, पाऊस आला नाही की कधी येणार, मुलीचे लग्न ठरत नाही की कोणता ग्रह आडवा आला, हे सांगायला शेकडो तोंडे उघडतात. भाकिते छापली जातात, पण त्यांतली किती खरी ठरली याचा हिशेब वर्षअखेरीस कोणी छापलेला तुम्ही पाहिला आहे काय? किराणा दुकानदार खतावणी ठेवतो. बचतगटाच्या आमच्या बाया महिन्याच्या महिन्याला पैशापैशाचा हिशेब लिहितात. मग हजारो वर्षांचे शास्त्र म्हणवणाऱ्यांनीच खतावणी का ठेवू नये? लागलेले भाकीत गावभर सांगायचे आणि चुकलेले गिळून टाकायचे, यावर हे दुकान चालते.

हा हिशेब महाराष्ट्रात एकदा रीतसर मागितला गेला, मांडला गेला आणि छापलाही गेला. त्याची माहिती आपल्या चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असली पाहिजे.

पुण्यात 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी करणारे डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एके काळी स्वतः ज्योतिषाचा अभ्यास करून नंतर त्याचे चिकित्सक बनलेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी २००८ साली ही चाचणी घेतली. प्रश्न अगदी साधा ठेवला. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते असा ज्योतिषांचा दावा आहे ना? मग शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुले (त्या वेळच्या भाषेत 'मतिमंद') अशा दोनशे मुलांच्या जन्माच्या नोंदी कार्यकर्त्यांमार्फत गोळा केल्या. घाटपांडे यांनी संगणकावर त्यांच्या कुंडल्या मांडल्या. त्यांना सांकेतिक क्रमांक देऊन सगळी गुपिते संख्याशास्त्र विभागात ठेवली. कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिषाला ठाऊक नाही आणि त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्यालाही नाही. त्यामुळे कोणी डोळा मारायचा आणि कोणी ओळखायचे, ही सोयच ठेवली नाही.

ज्योतिषांना जाहीर आवाहन झाले. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या मिळणार, त्यातली हुशार मुलाची कोणती आणि दिव्यांग मुलाची कोणती एवढेच सांगायचे. नाणे उडवले तरी चाळिसातली वीस उत्तरे सरासरीने बरोबर येतात. म्हणून आधीच ठरवले की अठ्ठावीस किंवा अधिक बरोबर आली तर त्या ज्योतिषाला यश मिळाले असे मानायचे. निव्वळ नशिबाने अठ्ठावीस येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी असते. परीक्षा घेण्याआधीच उत्तीर्ण होण्याचे गुण जाहीर करणे, ही यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट होय.

काही ज्योतिषांनी बहिष्काराची भाषा केली. काहींनी कुंडल्या मागवल्या आणि उत्तरच पाठवले नाही. शेवटी सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. सर्वांत वरच्या ज्योतिषाची चोवीस उत्तरे बरोबर. त्याखाली दोघांची बावीस. उरलेले सगळे वीस किंवा त्याहून खाली. अठ्ठाविसाचा पल्ला एकानेही गाठला नाही आणि सरासरी तर विसाच्याही खाली गेली. सत्तावीस माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले तरी एखाद्या-दुसऱ्याचे चोवीस बरोबर येतातच, त्याला ग्रहांची गरज नाही. एका ज्योतिष संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली आणि नाण्याचीही शंभराच्या आसपासच आली असती.

आता इथे थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. हा निकाल पत्रकार परिषदेत सांगून चौघे घरी गेले असते तर चार दिवस बातमी झाली असती आणि पाचव्या दिवशी लोक विसरले असते. त्यांनी तो शोधनिबंध म्हणून लिहिला आणि बंगळुरूहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या विज्ञानपत्रिकेच्या १० मार्च २००९ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. नमुना किती, कुंडल्या कशा वाटल्या, कसोटी कोणती, गुण किती, हे सगळे उघड. ज्याला पटत नसेल त्याने तीच चाचणी पुन्हा घ्यावी, अधिक मोठी घ्यावी आणि स्वतःचा निकाल छापावा. प्रसिद्ध करणे याचा अर्थ एवढाच की आपला हिशेब शत्रूच्याही हातात तपासायला देणे. ज्याचे सोने खरे आहे तो कसोटीचा दगड पाहून पळत नाही.

या चाचणीवर आक्षेप आले नाहीत असे नाही, आणि ते झाकण्याचे कारण नाही. एक आक्षेप असा की ही चाचणी फक्त बुद्धीपुरती होती, आयुष्याच्या इतर गोष्टींविषयी नव्हती. हे खरे आहे. एका चाचणीने एकाच दाव्याचे उत्तर मिळते. मग लग्न, आयुष्यमान, संतती अशा इतर दाव्यांच्या चाचण्या ज्योतिष महामंडळांनीच घ्याव्यात, त्यांना कोणी अडवले आहे? दुसरा आक्षेप असा की जन्मवेळा बिनचूक नसतील. पण गिऱ्हाईक समोर बसते तेव्हा ज्योतिषी रुग्णालयाचा दाखला मागतो काय? आईला आठवेल ती वेळ त्याला चालते आणि दक्षिणाही चालते. वेळेचा काटेकोरपणा परीक्षेच्या दिवशीच कसा आठवतो? तिसरा आक्षेप असा की माणूस समोर असल्याशिवाय नीट सांगता येत नाही. म्हणजे वाचले जाते ते माणसाचे तोंड, त्याचे कपडे, त्याची काळजी. मग ग्रहांचे नाव कशाला?

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी अशीच दुहेरी पडद्याआडची चाचणी घेतली आणि ती 'नेचर' या जगन्मान्य नियतकालिकात डिसेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे प्रत्येक कुंडलीसोबत तीन माणसांची स्वभावचित्रे होती आणि खरे कोणते ते ओळखायचे होते. अंदाजपंचे तिनातले एक बरोबर येते. ज्योतिषांचेही साधारण तेवढेच आले. उलट बाजूचेही उदाहरण आहे. फ्रान्समधील मिशेल गोकलँ यांनी १९५५ पासून नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ आकाशात ठरावीक जागी अधिक वेळा असतो असा दावा आकडेवारीसह छापला. विज्ञानाने तो दडपला नाही. निरनिराळ्या देशांत समित्या बसल्या, वर्षानुवर्षे वाद झाला आणि अखेर फ्रेंच समितीने नवी माहिती गोळा करून १९९६ साली निष्कर्ष छापला की असा परिणाम दिसत नाही. ज्योतिषाच्या बाजूने जाणारा आकडाही छापला जातो आणि मग तपासला जातो. उघड्या मैदानातला खेळ असा असतो.

आपल्या वाचकांना या ठिकाणी महात्मा फुल्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जोतिरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी बाईला पोटातल्या पोरावर ग्रहांची वक्रदृष्टी असल्याची धास्ती घालून जोशी त्या अडाणी नवराबायकोला कसा नागवतो, हाच त्याचा विषय. जोतिरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. हे नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे! जोशाचे भाकीत त्याच दिवशी गावात फिरते आणि जोशाची लबाडी उघड करणारा कागद सव्वाशे वर्षे अंधारात राहतो. कोणाचे छापले जाते आणि कोणाचे छापले जात नाही, हा प्रश्न आमच्यासाठी कागद-शाईचा नसून सत्तेचा आहे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो याच जाणिवेतून. त्याआधी १९१८ साली शेतजमिनीच्या तुकड्यांवर त्यांनी जो निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यातही त्यांनी प्रचलित मत आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहिले. भावनेला हात घालण्याआधी पुरावा मांडायचा, हा आपला वारसा आहे.

जोश्याचे उत्पन्न तर कायद्यानेच राखले होते. गावात कोणी जोशाला न बोलावता लग्न लावले तरी त्याचा हक्क द्यावा लागे आणि सत्यशोधकांना यासाठी कोर्टकज्जे सोसावे लागले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठराव ज्यांनी मुंबई विधिमंडळात आणला, त्याच रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी जोशी वतनाविरुद्ध विधेयक आणले आणि १९२६ साली कायदा झाला. चवदार तळ्याचा लढा आणि जोशाच्या दक्षिणेविरुद्धचा लढा एकाच घरातले आहेत, हे विसरू नका.

कारण फलज्योतिष म्हणजे नुसते भविष्य नव्हे, तो आकाशात नेऊन बसवलेला चातुर्वर्ण्य आहे. लग्नासाठी छत्तीस गुण जुळवतात त्यात पहिलाच गुण 'वर्ण' नावाचा असतो. बारा राशींना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र असे वर्ण वाटून दिले आहेत. कर्क, वृश्चिक आणि मीन या ब्राह्मण. मिथुन, तूळ आणि कुंभ या शूद्र. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा, हा नियम. मनुस्मृतीतला अनुलोम-प्रतिलोम इथे तारकांच्या तोंडून बोलतो. पुढे 'गण' येतो. त्यात माणसे देव, मनुष्य आणि राक्षस अशी विभागली जातात. ग्रहांनाही जाती आहेत. गुरू आणि शुक्र ब्राह्मण, रवी आणि मंगळ क्षत्रिय. शनीला ग्रंथागणिक कुठे शूद्र तर कुठे अंत्यज म्हटले आहे. आणि गुरूजवळ राहू आला की त्या योगाचे नाव 'गुरुचांडाळ योग'! विटाळाची कल्पना ग्रहगोलांपर्यंत नेणारे हे शास्त्र. ते खरे की खोटे हे आकडे सांगतातच, पण ते कोणाच्या सोयीचे आहे हे त्याची परिभाषाच सांगते.

तथागतांनी हे फार पूर्वी ओळखले होते. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात ग्रह-नक्षत्रांवरून शुभाशुभ सांगून पोट भरणे हे श्रमणाने वर्ज्य करावयाच्या उद्योगांत मोजले आहे. नक्षत्त जातकात तर नक्षत्र चांगले नाही म्हणून ठरल्या दिवशी वऱ्हाड घेऊन न जाणाऱ्यांची गोष्ट आहे. मुलीकडच्यांनी मुलीचे लग्न दुसरीकडे लावून दिले. नक्षत्र पाहत बसणाऱ्याच्या हातून जे साधायचे तेच निसटते, हा त्या गोष्टीचा बोध आहे.

असे असताना शासन काय करते? फेब्रुवारी २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून 'ज्योतिर्विज्ञान' शिकवण्याची योजना काढली. डॉ. पी. एम. भार्गव यांच्यासारखे वैज्ञानिक कोर्टात गेले. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. २०२१ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ज्योतिषात एम.ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ५१-क कलमात लिहिलेले आहे. पुण्याची चाचणी २००९ मध्ये छापून झाली होती. बारा वर्षांनी एम.ए. सुरू करणाऱ्यांनी तिला खोडून काढणारी चाचणी छापून मग वर्ग भरवायचे होते. आधी पदवी आणि पुरावा कधीच नाही, ही विद्या की वतनदारी?

पण शासनाला प्रश्न विचारताना आपल्या घराकडेही पाहू. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आज शिकलेल्या, नोकरीतल्या कित्येक घरांत वंदना होते आणि त्याच घरात मुलीच्या स्थळासाठी पत्रिका काढून आणली जाते. 'आमचा विश्वास नाही हो, पण मुलाकडच्यांनी मागितली' हे वाक्य कोणी ऐकले नाही? मंगळ निघाला म्हणून एखादी सुशिक्षित मुलगी चार-चार वर्षे नाकारली जाते. नाडी एक आली म्हणून ठरलेले मोडते. चाळिसातली वीसही धड न ओळखणाऱ्या विद्येच्या हाती आपण मुलीचे आयुष्य द्यायचे? मुलाकडच्यांनी पत्रिका मागितली तर हिवरे बाजारच्या ग्रामसभेने दाखवलेला मार्ग आहे. सांगा, रक्ताचा अहवाल देतो आणि तुमच्या मुलाचाही घेतो.

आता कामाचे बोलू. पुण्याचा शोधनिबंध इंग्रजीत छापला गेला. तो मराठीत वाडीवस्तीवर पोहोचवणे हे आपल्या वृत्तपत्रांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. पण तेवढ्यावर भागू नये. आपली मुले आता महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकतात. त्यांनी अशा चाचण्या स्वतः घ्याव्यात. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

एक उदाहरण देतो. पंचांगात दर पावसाळी नक्षत्राला एक 'वाहन' दिलेले असते. मृगाला कोल्हा, आर्द्राला म्हैस, असे दरवर्षी बदलते. हत्ती, बेडूक, म्हैस आली की भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला की ओढ. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकी उरेल ते वाहन, असे हे गणित. त्यात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही. सूर्य अमुक दिवशी मृगात शिरतो हे खगोलशास्त्र आहे, शेतकरी त्याचा दिनदर्शिकेसारखा उपयोग करतो आणि त्याला आमचा विरोध नाही. पण तोच हत्ती रत्नागिरीलाही आणि त्याच दिवशी नगरलाही! सह्याद्रीच्या पलीकडे तीन हजार मिलिमीटर आणि अलीकडे चारशे, आणि वाहन मात्र एकच.

तपासायचे कसे? मागच्या दहा वर्षांची पंचांगे मिळवा. आपल्या महसूल मंडळाच्या पावसाच्या रोजच्या नोंदी मिळवा. दहा वर्षांत नऊ नक्षत्रे म्हणजे नव्वद भाकिते झाली. कोणत्या वाहनाला 'भरपूर' म्हणायचे आणि त्या नक्षत्राच्या सरासरीपेक्षा किती जास्त पाऊस पडला तर भाकीत खरे मानायचे, हे आकडे उघडण्यापूर्वी कागदावर लिहून चार माणसांच्या सह्या घ्या. मग मोजा. जे येईल ते छापा. भाकिते खरी निघाली तरी छापा, कारण सोयीचे तेवढेच छापायचे असेल तर आपल्यात आणि जोशात फरक काय? मग तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा. पर्जन्यमापकावर पिके ठरवणारे गाव आदर्श ठरते, हे सांगायला नगर जिल्ह्यात एक साक्षीदार उभाच आहे. त्या गावालाही देव्हाऱ्यात बसवू नका. वाचलेल्या पाण्यातले भूमिहीनाच्या वाट्याला किती आले, हा प्रश्न आदर्श गावालाही विचारायचा असतो. पण तो विचारता येतो, कारण तिथे पाण्याचा आकडा चव्हाट्यावर मांडलेला आहे.

पुण्याच्या चाचणीतले डॉ. दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच गोळ्या घालून खून झाला. मे २०२४ मध्ये दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ज्यांनी हिशेब मागितला त्यातले दोघे आज नाहीत. त्यांनी छापलेला कागद मात्र आहे. त्याला ना गोळी लागते, ना वय होते. त्या कागदाला उत्तर द्यायचे तर दुसरा कागद छापावा लागतो आणि तो ज्योतिषांनी अजून छापलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी पत्रिका पुढे केली तर वाद घालत बसू नका. एवढेच विचारा, महाराज, गेल्या वर्षीची भाकिते कुठे लिहिली आहेत? किती लागली, किती चुकली? वही दाखवा. वही नसेल तर दक्षिणाही नाही.